डावी कूस

"हात कुठं घातलास? उशीखाली? अगं बये, उशीला कूस नसते, माणसाला असते. एक हात खांद्याला, एक खुब्याला. हं. आता गुडघा मोड. तुझा नव्हे, काकांचा!"

नर्सिंगच्या पोरी खिदळल्या. खाटेवर पडलेले शिंपीकाका छताकडे बघत म्हणाले, "माप."

"बघा, काकांनीसुद्धा तुमचं माप काढलं," बाई म्हणाल्या. "चादर धरून ओढायचं नाही. चादरीबरोबर कातडी ओढली जाते, कणीस सोलावं तसं माणूस सोललं जातं. चला, माझ्याबरोबर. एक, दोन, हं! आली कूस. आता पाठीला उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी. आणि कान बघा. खालचा कान दुमडला नाही ना? कानाचं कुणी बघत नाही. दुमडलेल्या कानावर दोन तास झोपून बघा एकदा, म्हणजे कळेल."

"आम्ही तुमच्या तासाला तसंच झोपतो, बाई," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"झोप की. पण दर दोन तासांनी कूस बदल."

पुन्हा हशा. बाईसुद्धा हसल्या. हसल्या तरी हात काकांच्या खुब्यावरच होता. कातडी लाल झालीय का, दाबल्यावर पांढरी पडते का, हे तो हात आपला आपण बघत होता.

या बाईंना सगळं नर्सिंग कॉलेज कूसबाई म्हणायचं. दुसऱ्या बाया इंजेक्शन शिकवत, पट्ट्या शिकवत. या सगळं शिकवत, पण गाडी फिरून फिरून कुशीवर यायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही तर पाठ सडते, आणि पाठ सडली की औषधं नुसती नळीतून वाहतात, एवढं एक वाक्य त्या वर्षभर वेगवेगळ्या तोंडांनी सांगत. नाव ठेवणारी पोर कुठल्यातरी जुन्या बॅचची होती. हुशार होती आणि वाईट होती. बाईंना मूल नव्हतं. बाईंची कूस उजवली नाही हे ज्याला माहीत होतं, त्याला त्या नावातला काटा बरोबर टोचायचा. बाईंनाही टोचला असेल. पण काटा रुतला म्हणून कुणी चालायचं थांबत नाही. त्यांनी ते नाव पायात घेऊनच नोकरी केली.

आणि हे कुशीचं खूळ शिरलं कुठून? तर गाईपासून.

बाईंचा बाप गुरं राखायचा, दूध घालायचा. बाई फ्रॉक घालायच्या वयाच्या असताना एक गाय व्याली आणि बसली ती उठेना. बापानं गोठ्यात गवत टाकलं, गाईच्या खाली पोती सरकवली आणि तिला दिवसातून कितीदा तरी उलथवायला सुरुवात केली. बाप पाठीला, आई मागच्या पायांना आणि ही पोर तोंडाशी. गाय जड, पोर काडीएवढी. "बसलेलं जनावर एका कुशीवर राहिलं की वरून गाय असते आणि खालून माती होते," बाप म्हणायचा. "त्याला बोलता येत नाही. म्हणून आपल्याला घड्याळ व्हावं लागतं." गाय फार दिवसांनी उठली, पण उठली. पुढं पोर मोठी झाली, नर्स झाली, नर्सना शिकवणारी बाई झाली आणि पहिल्याच तासाला पोरींना ही गाय सांगायला लागली. पोरी म्हणायच्या, कूसबाईंना पेशंट आणि गाय सारखेच. बाई म्हणायच्या, गाय बरी. गाय कॉपी करत नाही.

नवरा ट्रक चालवायचा. बरा माणूस होता. घरी यायचा तेव्हा घर हलायचं, गेला की भांडी जागेवर बसायची. काविळीनं गेला. त्यानंतर भांडी जागेवरच राहिली. मग धाकटी बहीण गेली आणि तिची पोर उरली. बहिणीच्या नवऱ्यानं दुसरा संसार मांडला, त्यात ही पोर गप्प झाली. बाईंच्या कानावर आलं की पोर बोलतच नाही. बाई गेल्या, पोरीचे कपडे एका पिशवीत भरले आणि घेऊन आल्या. गप्प म्हणून आणलेली पोर बसमध्ये खिडकी मिळाल्यावर जी बोलायला लागली, ती थांबेना. घरात आल्यावर या खोलीतून त्या खोलीत नुसती गरगरायला लागली. बाईंनी तिचं नाव ठेवलं भिंगरी.

भिंगरी मोठी झाली आणि म्हणाली, मी नर्सच होणार. बाई म्हणाल्या, दुसरं काहीही हो. भिंगरी म्हणाली, तू झालीस ती? बाईंनी दुसऱ्या दिवशी फॉर्म आणून दिला.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी एक गंमत झाली. भिंगरीला वॉर्डात काही विचारायचं होतं, म्हणून ती सवयीनं ओरडली, "मावशी!" दवाखान्यात मावशी म्हणजे झाडलोट करणाऱ्या, भांडी देणाऱ्या बाया. हाक आली तशा तीन मावश्या तीन कोपऱ्यांतून वळल्या, एकीच्या हातात झाडू, दुसरीच्या हातात बादली, तिसरीच्या हातात बेडपॅन. आणि चौथ्या वळल्या कूसबाई. सगळा वॉर्ड हसला. त्यातली थोरली मावशी, सगळ्या वॉर्डाचं जुनं खोड, बेडपॅन पुढं करून म्हणाली, "घे गं भाचे, कुठल्या मावशीकडून हवंय?"

संध्याकाळी बाईंनी नियम घातला. घरी मावशी, वॉर्डात बाई. भिंगरीनं तो जवळजवळ तीन वर्षं पाळला. कधी कधी मुद्दाम घरीही म्हणायची, "बाई, चहा ठेवू का?" आणि बाई लाटणं उगारायच्या.

आता पोरींच्या शिक्षणाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीनं झालं. शेवटच्या वर्षाला प्रत्येक मुलीला एक पेशंट नेमून द्यायचे. त्याची सगळी सेवा तिनं करायची आणि केली ती वहीत लिहायची. कधी अंग पुसलं, कधी तोंड धुतलं, कुठल्या वेळी कुठल्या कुशीवर घेतलं. खाली शिकवणाऱ्या बाईंची सही. त्या वहीला मार्क होते, आणि भरपूर होते.

पोरी शेवटी पोरीच. चादरींच्या खोलीत सकाळी सकाळी बसून त्या अख्ख्या दिवसाचं लिहून टाकायच्या. कधी निळ्या पेनानं, कधी काळ्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसावं. याला त्यांच्यात शब्द होता: दिवस मावळवणे. "मावळवलास का गं?" एक विचारायची. "माझा तर चहाच्या आधीच मावळला," दुसरी म्हणायची. सूर्य खिडकीत नुकता चढत असायचा.

बाईंना हा शब्द माहीत होता आणि या एका गोष्टीला त्यांच्याकडे माफी नव्हती. आधीच्या एका पोरीनं ताप न बघता ताप नाही असं लिहिलं, बाईंनी धरली आणि तिचं वर्ष गेलं. तिचा बाप ऑफिसच्या दारात उभा राहून रडला. बाई म्हणाल्या, "इथं नका रडू, दादा. ज्याला न बघता बरं म्हटलं, त्याच्या खाटेपाशी जाऊन रडा." हे सगळ्या कॉलेजला पाठ होतं.

शिंपीकाका भिंगरीच्या वाट्याला आले. लकव्यानं उजवं अंग गेलेलं आणि वाचा गेलेली. सगळे शब्द गेले, एक तेवढा मागं राहिला. माप. आयुष्यभर माणसांच्या खांद्यांवरून टेप फिरवली, त्यातला तो उरला असावा. तहान लागली तरी माप, राग आला तरी माप, शिंपीणकाकू दिसल्या तरी माप. काकू त्यांच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसलेल्या. बारीक, वाळक्या, बोलायला गोड. काकांचा सूर ऐकून त्या अर्थ लावायच्या. "आता पाणी म्हणतायत," त्या सांगायच्या, आणि पाजायच्या.

भिंगरीचं अक्षर म्हणजे मोती. तिची वही कॉलेजच्या मोठ्या बाईंनी वर्गात वाचून दाखवली. पेशंटची सेवा कशी लिहावी, तर अशी. कूसबाई मागं उभ्या होत्या. त्यांना आनंद लपवता येईना, म्हणून त्या खिडकी पुसायला लागल्या.

मग बाईंना दुसऱ्या गावी परीक्षा घ्यायला जायचं आलं. सकाळी निघायची घाई, बॅग दारात. भिंगरी वही घेऊन आली. "मावशी, तू नसशील तर सही त्या चष्मेवाल्या मॅडमची घ्यावी लागेल. त्या रडवतात. एका सहीला अर्धा दिवस मागं फिरवतात."

"मग फीर. भिंगरीच आहेस."

"मावशी, माझं काम तुला माहीत आहे ना?"

माहीत होतं. तिथंच घोटाळा झाला. घरचं काम बघायचं कशाला? बाईंनी ओट्यावर वही ठेवली, पुढच्या दिवसांच्या कोऱ्या पानांखाली भराभर सह्या केल्या आणि "जेवत जा वेळेवर" म्हणून बस गाठली. कुणा दुसऱ्या पोरीनं असं मागितलं असतं तर बाईंनी तिला वहीसकट उभी केली असती. बसमध्ये हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दहा-बारा दिवसांनी परत आल्या त्या घरी न जाता सरळ वॉर्डात आल्या. दारातच थांबल्या. जुन्या नर्सला वास आधी कळतो. फिनेल, औषधं, जेवणाची ताटं या सगळ्यांच्या खालून एक गोडसर, कुजका वास येत होता. बाई नाकाच्या मागं चालत गेल्या आणि शिंपीकाकांच्या खाटेशी पोचल्या.

काका डाव्या कुशीवर होते, तोंड काकूंकडे. डोळे ताठ. बाईंना बघून म्हणाले, "माप. माप. माप."

"मावशी, इकडं या," बाईंनी थोरलीला हाक मारली. दोघींनी मिळून काकांना उलटं केलं. डाव्या खुब्यावर कातडी काळी पडली होती आणि मधे खड्डा होता. मूठ मावेल एवढा असेल, पण ते मोजायचं धाडस कुणी केलं नाही. थोरली मावशी, जिनं आयुष्यात काय काय उचललं होतं, तिनं तोंड फिरवलं.

उजवी कूस मात्र स्वच्छ होती. लोण्यासारखी.

बाई तिथंच समजल्या. वही उघडायची गरजच नव्हती. वहीत डावी, उजवी, पाठ, पुन्हा डावी असं असणार, मोत्यासारख्या अक्षरात. पण कूस खरंच बदलली असती तर माणूस एकाच बाजूनं कुजला नसता.

काकू स्टुलावरून उठल्या. "बाई, त्या पोरीला बोलू नका. मीच म्हटलं होतं. ती उलटं करायची की यांचं तोंड भिंतीकडं व्हायचं, मग कासावीस व्हायचे. माझ्याकडं तोंड असलं की शांत. मी म्हटलं, राहू दे गं बाळा. ती गुणी, तिनं ऐकलं."

रात्रीच्या नर्सला विचारलं. ती बिचारी सगळ्या वॉर्डाला एकटी. ती म्हणाली, "मी आले की लिहिलेलं असायचं, आत्ताच डावीवर घेतलं. रात्रभर माझ्या हाताला कुठं वेळ? मी म्हणायची, आत्ताच तर बदललीय." खोटं कधी एकटं राहत नाही. एकानं लिहिलं की दुसरा त्यावर टेकून बसतो.

भिंगरी चादरींच्या खोलीत घड्या घालत होती. बाईंनी दार लोटलं.

"काकांना उजव्या कुशीवर कधी घेतलंस?"

"रोज. लिहिलंय ना."

"लिहिलंय ते राहू दे. घेतलंस कधी?"

भिंगरी घडीचा कोपरा नीट करत राहिली. नीट असलेला कोपरा तिनं पुन्हा नीट केला.

"पहिल्यांदा काकू म्हणाल्या राहू दे. मग मी कूस बदलली असं लिहिलं, कारण रिकामी जागा दिसली की मार्क कापतात. मग दुसऱ्या दिवशीही काकू म्हणाल्या. मग... मग मी विचारायचंच सोडलं. मावशी, आमचा सगळा दिवस लिहिण्यात जातो. औषधाला सिस्टर हात लावू देत नाहीत, डॉक्टर आले की भिंतीला चिकटून उभ्या राहतो. कूस बदलायला मार्क कुठं आहेत? कूस बदलली असं लिहायला आहेत."

"तो माणूस माप माप करत होता."

"ते सगळ्यालाच माप म्हणतात!" भिंगरीचा आवाज फाटला. "मला काय माहीत त्यातलं दुखण्याचं कुठलं!"

"अंग पुसलं असतंस तर दिसलं असतं."

भिंगरीनं पुढची चादर ओढली. म्हणजे अंगही पुसलं नव्हतं.

"सकाळीच दिवस मावळवत होतीस," बाई म्हणाल्या.

"हो. सगळ्याच मावळवतात." मग भिंगरीनं मान वर केली. "तूसुद्धा मावळवलास. कोऱ्या पानांवर सह्या करून गेलीस ना? मी एक एक दिवस मावळवत होते, मावशी. तू एका सकाळी माझे सगळे मावळवलेस."

बाई चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. आयुष्यात त्यांनी कधी धुतलेल्या चादरींवर बसू दिलं नव्हतं कुणाला.

काकांची जखम डॉक्टरांनी कापून साफ केली. ताप चढला. दोन दिवस बाई वर्गात गेल्या नाहीत, काकांच्या खाटेशीच राहिल्या. काकू म्हणाल्या, "तुम्ही आता घरी जा, बाई." बाई म्हणाल्या, "घरी काय आहे?" घरी भिंगरी होती. न जेवता, दाराकडं बघत बसलेली. परीक्षा तोंडावर आलेली. ही वही गेली की परीक्षा गेली, आणि अशी गेलेली पोर पुन्हा कुठलं कॉलेज घेत नाही, हे दोघींना माहीत होतं. भिंगरीला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

मोठ्या बाईंनी कूसबाईंना आपण होऊन बोलावलं. दार लावलं. त्या वाईट नव्हत्या. कॉलेज चालवणारं माणूस होतं, एवढंच.

"बसा. हे बघा, त्या म्हाताऱ्याला साखर आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं. साखरेच्या माणसाला जखम व्हायला काय निमित्त लागतं? कागदावर सगळं नीट आहे. पोरगी बुडेल, आणि खाली तुमची सही आहे, तुम्ही पण बुडाल. पेन्शन जवळ आलीय तुमची. साखरेवर टाका आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघितलं. आत एक रंगीत फूल होतं, काचेत गाडलेलं.

"साखर दोन्ही कुशींना सारखीच असते, बाई," त्या म्हणाल्या. "उजवीला काही झालेलं नाही."

"कोण बघतंय उजवी?"

"मी बघितली."

त्यांनी भिंगरीची वही टेबलावर ठेवली. "हिनं न करता लिहिलं. आणि मी न बघता सही केली, तीही आधी. दोन्ही धरा. एक धरून दुसरी सोडू नका."

मोठ्या बाई हताशपणे म्हणाल्या, "अहो, भाची ना तुमची?"

"म्हणूनच आधी सही झाली."

त्या संध्याकाळी घरी भिंगरी ओरडली नाही, याचंच बाईंना भय वाटलं. तिनं विचारलं, "सांगितलंस?" बाई म्हणाल्या, "सांगितलं." मग भिंगरी खूप वेळ भांडी घासत राहिली, घासलेलीच. पाठमोरीच बोलली.

"एक खरं सांगशील? मी तुझ्या पोटची असते, तर पोटात घातलं असतंस ना?"

बाईंनी तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. आयुष्यभर ज्या बाईनं पोरींना एका शब्दात उभं-आडवं केलं, तिला तो एक शब्द सापडेना. पोटची असती तर काय केलं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. माहीत असायला काही कारणच घडलं नव्हतं. त्या गप्प राहिल्या आणि भिंगरीनं त्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

काका गेले. रक्तात विष भिनलं. शेवटी शेवटी तो एक शब्दही गेला. नुसते ओठ जुळायचे आणि सुटायचे. काकू त्यांचं सामान बांधायला आल्या. पाण्याचा तांब्या, चष्मा, एक टॉवेल. चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता, तरी काकूंनी तो पदरानं पुसून ठेवला.

"बाई, एक विचारू? ते माप माप करायचे ना फार, शेवटच्या आठवड्यात. दुखायचं म्हणून करायचे का?"

बाईंनी होय म्हणून मान हलवली.

"मला वाटलं पाणी मागतायत," काकू म्हणाल्या. "मी आपली पाणी पाजत होते."

त्यांनी तांब्या उलटा करून बघितला, जणू त्यात काही राहिलं असेल, आणि टॉवेलात गुंडाळला.

भिंगरीचं नाव कॉलेजातून कमी झालं. कूसबाईंचं शिकवणं काढून घेतलं आणि त्यांना पुन्हा वॉर्डातली साधी नर्स केलं, तरुणपणी होत्या तशी. बाकीच्या पोरींनी धडा घेतला का? घेतला. आता त्या दिवस सकाळी मावळवत नाहीत, दुपारी मावळवतात.

भिंगरीला दूरच्या शहरात एका औषधाच्या दुकानात काम मिळालं. निघायच्या दिवशी बाईंनी तिची पिशवी भरून दिली. ज्या पिशवीतून तिचे कपडे आणले होते ती जपून ठेवलेली होती, पण ती काढायचं बाईंना धैर्य झालं नाही. नवी आणली. भिंगरीनं चपला घातल्या. लहान असताना ती शाळेला निघायची तेव्हा एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून "येते गं मावशी" म्हणायची, आणि गल्लीच्या टोकावरून पुन्हा एकदा. कधीतरी घाईत "जाते" म्हणाली तर बाई परत बोलवायच्या. जाते म्हणू नये. घरातून निघणारं माणूस येते म्हणतं.

भिंगरी उंबऱ्याबाहेर गेली. वळली.

"जाते, बाई," ती म्हणाली.

बाईंनी परत बोलावलं नाही. बोलावून कुठला शब्द दुरुस्त करायचा होता, पहिला की दुसरा?

पत्र नाही, फोन नाही. ओळखीच्या एकीनं सांगितलं की ती दुकानात बरी आहे, कमी बोलते. बाई म्हणाल्या, "कमी बोलते?" कमी बोलते म्हणूनच तर तिला आणलं होतं.

आता वॉर्डात नव्या बाई नव्या पोरींना घेऊन येतात. कूसबाई बाजूला होऊन जागा देतात. नव्या पोरींना ते नाव माहीत नाही. त्या त्यांना सिस्टर म्हणतात. एकदा एका पोरीनं चादर ओढून पेशंट फिरवायला घेतला, तेव्हा बाईंचे ओठ हलले, पण त्या बोलल्या नाहीत. पोरी गेल्यावर जाऊन त्यांनी त्या माणसाचा दुमडलेला कान तेवढा सोडवला.

थोरली मावशी आता निवृत्तीला आलीय, पण जीभ आहे तशीच. परवा दुपारी ती बाईंच्या शेजारी बाकावर टेकली आणि म्हणाली, "बाई, एवढ्या वर्षांत कुणाला सोडलं नाहीत. एक सोडली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"आभाळ नसतं कोसळलं."

"मग?"

"मावशी, तुम्ही त्या दिवशी तोंड का फिरवलंत?"

थोरलीनं गुडघ्यांवर हात टेकले. म्हणाली, "चहा पिऊन येते," आणि उठून गेली. उरलेल्या दोघी मावश्या खाली धुलाईला गेल्या होत्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून कुणा पेशंटची तरुण सून ओरडली, "मावशी! अहो मावशी!"

बाई गर्रकन वळल्या. त्या हाकेला वळणारं वॉर्डात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. वळल्यावर त्यांना कळलं की हाक कुणाची होती आणि कुणासाठी होती. सून ओशाळली. "सॉरी हं सिस्टर, मला वाटलं..."

"असू दे," बाई म्हणाल्या. "आलेच."

त्यांनी रॅकमधला बेडपॅन घेतला, पडदा ओढला. खाटेवर एक अगडबंब म्हातारी होती, लाजून दातांत पदर धरलेली.

"लाजू नका, आजी. झालं की हाक मारा. आणि मग तुम्हाला जरा कुशीवर घेते. सकाळपासून कुठल्या कुशीवर आहात?"

"डाव्या," म्हातारी म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या आणि उशी आणायला गेल्या.